बासष्ट खंडांची वाचक

"काल पोरांनी कमाल केली गं. गाय चढवली घंटाघरात!"

नोकरीच्या पहिल्याच दिवशी, स्टाफरूममध्ये, समोर बसलेल्या एका अनोळखी बाईंनी थालीपिठाचा चतकोर माझ्याकडे सरकवत हे वाक्य टाकलं. ओळख नाही, पाळख नाही. माझ्या गळ्यातल्या बिल्ल्यावरचं 'कारखानीस' वाचून त्यांनी मराठीच सुरू केलं होतं. मी आपली बावळटासारखी विचारते, "कुणाची पोरं? तुमची?"

"माझा एकच आहे, आणि तो बँकेत आहे. त्याच्यात कुठली एवढी धमक! अगं, कॉलेजची पोरं. तीन जिने. गाय वर जाते बरं का, पण खाली उतरायला तयार होत नाही. शेवटी सुतार बोलावून दोरखंडांनी उतरवली. प्राचार्यांनी सगळ्यांना उभं करून विचारलं, कुणी केलं? सगळी पोरं म्हणाली, गाईनं."

मँचेस्टरमध्ये एवढी मोकाट गाय कुठे मिळाली, असं मी विचारल्यावर बाई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. ही बातमी अमेरिकेतल्या एका छोट्या कॉलेजगावच्या साप्ताहिकातली होती आणि तिला सव्वाशे वर्षं होऊन गेली होती. पण वत्सलाताई आठल्यांच्या लेखी ती कालची होती, कारण त्यांनी ती काल दुपारी वाचली होती.

हे २००३ साल. मँचेस्टरमधल्या एका विद्यापीठाच्या लायब्ररीत मी नव्याने लागले होते. माझं काम वरच्या मजल्यावर, संग्रहाच्या कचेरीत. काय ठेवायचं, काय काढायचं, याच्या याद्या करायच्या. वत्सलाताई तळघरात, जुन्या वर्तमानपत्रांकडे. साठीच्या आसपासच्या. साडीवर जाड कार्डिगन, पायांत पांढरे ट्रेनर्स, आणि केसांत खोचलेली पेन्सिल. तळघरात शाईचं पेन चालत नाही म्हणून पेन्सिल, आणि साडीला खिसा नाही म्हणून केसांत. ती पेन्सिल घेऊन त्या ट्रॅममध्येही चढत आणि लग्नकार्यालाही जात.

त्या मूळच्या मिरजेकडच्या. सांगलीला कॉलेजात नाव घातलं, एक वर्ष झालं, आणि डॉक्टर आठल्यांचं स्थळ आलं. इथल्या हॉस्पिटलात नोकरी मिळालेला मुलगा कोण सोडणार? "लग्नानंतर शिकेल की," असं सगळे म्हणाले. नंतर कुणालाच ते आठवलं नाही. डॉक्टर ड्यूटीवर, मुलगा शाळेत, बाहेर दुपारी चारला अंधार. एका हिवाळ्यात बाईंनी लायब्ररीत पुस्तकं जागेवर लावायची अर्धवेळ नोकरी धरली. घरी कुणाला विचारलं नाही. डॉक्टरांनी नाक मुरडलं तेव्हा म्हणाल्या, "का म्हणून नको? मला कॉलेजात जायचंय. वर्गात नाही तर नाही, तळघरात जाईन."

"का म्हणून?" हे त्यांचं लाडकं हत्यार. ते त्या फार गोड आवाजात काढायच्या, आणि समोरच्याला आपली मान कापली गेल्याचं जरा उशिरा कळायचं.

तळघरातल्या एका भिंतीशी ती अमेरिकन साप्ताहिकं होती. कुण्या प्राध्यापकाने कधीकाळी जमवलेली, कातडी पाठीचे बासष्ट बांधीव खंड. एकेक खंड उचलायला दोन हात आणि एक सुस्कारा लागायचा. गावच्या बातम्या, औषधांच्या भन्नाट जाहिराती, आणि तिसऱ्या पानावर कॉलेजचा स्तंभ. वत्सलाताई रोज जेवणाच्या सुट्टीत दहा मिनिटांत डबा संपवायच्या आणि उरलेला वेळ तो स्तंभ वाचायच्या. वाचलेलं कार्डावर उतरवायच्या, तेही मराठीत. कार्डं बुटांच्या खोक्यांत, आणि खोक्यांवर विषय: गाय व इतर जनावरे. घंटा. आग. जेवण. प्रेमप्रकरणे. मुली. नुसता उपद्व्याप.

"इंग्रजीत का नाही लिहीत?" मी एकदा विचारलं.

"वाचायला इंग्रजी चालतं मला. पण जपून ठेवायचं म्हटलं की मराठीच येतं हातातून."

'जेवण' या खोक्यातली एक हकिकत त्या वारंवार सांगत. वसतिगृहात महिनाभर खवट लोणी वाढलं म्हणून पोरांनी त्या लोण्याची साग्रसंगीत अंत्ययात्रा काढली. काळे कपडे, पुढे बँड, मागे रडणारे नातेवाईक, गावच्या वेशीवर खड्डा आणि वर पाटी. लोण्याचं जन्मसाल पाटीवर होतं म्हणे. दुसऱ्या आठवड्यात ताजं लोणी आलं.

'मुली' या खोक्यात मात्र हसण्यासारखं फारसं नव्हतं. एक मुलगी प्रार्थनेच्या वेळी हसली म्हणून तिला वर्गाबाहेर काढलं आणि माफी माग म्हणाले. ती म्हणाली, हसू आलं, त्याची माफी कशी मागायची? मग ती रोज येऊन वर्गाबाहेरच्या पायरीवर वही घेऊन बसायला लागली. तीन आठवडे पेपरात दोन-दोन ओळी. पुढे काहीच नाही.

"मग काय झालं तिचं?" मी विचारलं.

"नाही छापलं. छापलं नाही म्हणजे ती पायरीवरून उठली असं थोडंच आहे?" आणि मग, "हे बघ मीनल, पेपरात आलंय म्हणून ते खरंच असेल असं नाही. पण ते कुणाला तरी छापावंसं वाटलं, एवढं नक्की खरं."

अशी ही बाई. मला त्या फार आवडायच्या, हे आधीच सांगून टाकते, कारण यापुढे मी जे केलं ते वाचून तुम्हाला तसं वाटणार नाही.

२००६च्या सुरुवातीला लायब्ररीत जागेची टंचाई झाली. तळघरात विद्यार्थ्यांसाठी कॉम्प्युटर मांडायचं ठरलं. आमचे साहेब ग्रॅहम. स्वभावाने सज्जन, आवाज कधी चढत नाही, आणि नियमावर गाढ श्रद्धा. नियम असा: ज्या वर्तमानपत्राची मायक्रोफिल्म, म्हणजे पानापानाचे फोटो काढलेली रीळं, आहे आणि जो खंड गेल्या दहा वर्षांत एकाही वाचकाने मागितलेला नाही, तो काढून टाकायचा. मागणी झाली की नाही हे चिठ्ठ्यांवरून ठरायचं. वाचक चिठ्ठी भरतो, खंड वर येतो, चिठ्ठी नोंदली जाते. यादी करायचं काम माझं.

मी चिठ्ठ्या तपासल्या. बासष्ट खंडांच्या नावावर एकही चिठ्ठी नव्हती. दहा वर्षांतच काय, त्याआधीच्या कितीतरी वर्षांत नव्हती.

मला ठाऊक होतं की ते खंड रोज वाचले जातात. तरी मी ते यादीत घातले. नियमाप्रमाणे घातले, असं मी स्वतःला सांगितलं, आणि यादी वर पाठवून दिली. जूनअखेर लॉरी येणार होती, रद्दीची.

दुसऱ्या दिवशी वत्सलाताई जिने चढून माझ्या टेबलाशी आल्या. हातात माझी यादी.

"हे तू लिहिलंयस?"

"वत्सलाताई, एकही चिठ्ठी नाहीये हो. तुम्ही इतकी वर्षं वाचताय, एक तरी चिठ्ठी भरायची होतीत."

त्या म्हणाल्या, "अगं, घरचं माणूस कधी चिठ्ठी देतं का? आपल्या घरी भात आपण मागून घेतो का कधी? चिठ्ठी पाहुण्यांनी द्यायची."

एवढंच होतं ते. इतकी वर्षं त्यांनी स्वतःच खंड काढला, स्वतः वाचला, स्वतः जागेवर ठेवला. कुणाला उगीच खाली-वर करायला लावायला नको, म्हणून. कामाच्या वेळात एक ओळ वाचली नाही, की उद्या कुणी बोट दाखवायला नको, म्हणून. त्या सचोटीनेच त्यांच्या खंडांचा घात केला होता, आणि त्यावर सही माझी होती. मला तोंड वर करून बघवेना.

त्यांनी लायब्ररीच्या समितीपुढे म्हणणं मांडायची परवानगी मागितली. चौदा खोकी ट्रॉलीवर घालून आल्या. कार्डं वाचू शकणारी लायब्ररीतली एकमेव व्यक्ती मी, म्हणून मलाही बोलावलं. मी एकेक कार्ड काढून इंग्रजीत सांगत गेले. प्रत्येकावर खंड, पान, तारीख, आणि कोपऱ्यात वेळ: एक दहा ते एक चाळीस. समितीतल्या एक बाई लोण्याच्या अंत्ययात्रेला मोठ्याने हसल्या. मला वाटलं, जिंकलो.

ग्रॅहम अगदी हळुवारपणे म्हणाले, "वत्सला, हे फार सुंदर आहे. रिअली. पण पॉलिसीमध्ये 'वाचक' शब्द आहे. स्टाफचं वाचन हे यूज म्हणून काउंट होत नाही. आणि फिल्म तर आहेच."

"फिल्मवर तिसऱ्या पानावर फोटो काढणाऱ्याचा अंगठा आलाय," वत्सलाताई इंग्रजीत म्हणाल्या. त्यांचं इंग्रजी चांगलं होतं, फक्त त्याला मिरजेचा ठसका होता. "दर चौथ्या अंकात. तुम्ही पाहिली आहे फिल्म?"

ग्रॅहमनी पाहिलेली नव्हती. "तरीही," ते म्हणाले, "स्टाफ इज नॉट अ रीडर."

"का म्हणून?"

"बाय डेफिनिशन."

वत्सलाताईंनी सावकाश खोकी बंद केली, केसांतली पेन्सिल काढली, ग्रॅहमच्या पुढ्यातलाच एक कागद ओढला आणि उभ्याउभ्या दोन ओळी लिहिल्या. राजीनामा. एक महिन्याची नोटीस. निवृत्तीला दीड वर्ष बाकी होतं.

"एप्रिलपासून मी वाचक आहे," त्या म्हणाल्या. "माझं कार्ड तयार ठेवा."

लोक म्हणाले, बाईंचं डोकं फिरलं. इथल्या महाराष्ट्र मंडळातल्या बायकांनी तर फोन करकरून समजावलं. रद्दीसाठी नोकरी सोडतं का कुणी? निखिल, त्यांचा मुलगा, लंडनहून आला. हा इथेच जन्मलेला, मराठी बोलतो पण तोलून मापून. मला म्हणाला, "मीनल मावशी, आई ऐकतच नाही. मी बोललो, मी तुला स्कॅन करून देईल सगळा, तर ती माझ्यावरच हसली." मला त्याचं वाईट वाटलं, आणि बाईंचा अभिमानही वाटला. दोन्ही एकदम वाटू शकतं.

आता हिशेब असा. जुन्या खंडांसाठी नियम होता, एका वाचकाला दिवसाला एकच खंड. एकदा चिठ्ठी नोंदली की तो खंड यादीतून सुटला. खंड बासष्ट, आणि लॉरी येईपर्यंत सुट्ट्या वगळून कामाचे दिवस मोजून त्रेसष्ट. म्हणजे बाईंना आजारी पडायला एक दिवस होता.

एप्रिलच्या पहिल्या सोमवारी सकाळी त्या वाचकांच्या दाराने आत आल्या. तीच साडी, तेच ट्रेनर्स, गळ्यात मात्र नवा बिल्ला. काउंटरवर उभ्या राहून त्यांनी आयुष्यातली पहिली चिठ्ठी भरली. चिठ्ठीत एक रकाना असतो, वाचनाचा उद्देश. लोक लिहितात संशोधन, प्रबंध वगैरे. यांनी लिहिलं, "कॉलेज." काउंटरवरच्या मुलीला काही कळलं नाही, पण तिने शिक्का मारला. मी वरच्या कठड्यावरून बघत होते. खाली जायची हिंमत झाली नाही.

रोज एक खंड. पाऊस असो, ट्रॅम बंद असो. एकदा ट्रॅम रुळांवर अडकली तर दोन स्टॉप चालत आल्या. सकाळी दहाला हजर, पाचला घरी. खंड आला की नुसती चिठ्ठी भरून जाणं नाही, संध्याकाळपर्यंत पान न् पान वाचायच्या. दुपारी मी खाली जाऊन बसायला लागले तेव्हा त्या मला काही बोलल्या नाहीत. थालीपिठाचा चतकोर पुढे सरकवला, बस. त्या दिवशी मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

"थकलात तुम्ही," मी मे महिन्यात म्हणाले. जिन्यावर त्या दोनदा थांबायला लागल्या होत्या.

"थकायला काय झालं? सकाळपासून संध्याकाळपर्यंत कॉलेजात असते. माझ्या वयाच्या बायकांना हे मिळत नाही."

ग्रॅहम एकदा त्यांच्या टेबलाशी थांबले. म्हणाले, "वत्सला, तुम्ही सिस्टिमचा फायदा घेताय असं वाटत नाही तुम्हाला?" बाईंनी मान वर न करता विचारलं, "वाचक वाचतोय. याला तुमच्याकडे दुसरा शब्द आहे का?" ग्रॅहम पुढे गेले.

पंचावन्न खंड झाले. जूनच्या एका मंगळवारी त्या आल्या नाहीत. बुधवारी सकाळी निखिलचा फोन. हार्ट. हॉस्पिटलात ठेवलं होतं. "मावशी, डॉक्टर बोलला रेस्ट पाहिजे. पण ती फक्त विचारते, आज कोण गेला. मी काय सांगू?"

मी मोजलं. शिल्लक दिवसही वापरून झाला होता. सात खंड, सात दिवस, आणि आजचा दिवस त्यांतला पहिला.

मंडळातल्या कुणाला पाठवता आलं असतं, पण वाचकाचं नवं कार्ड व्हायला दहा दिवस लागत. ग्रॅहमना साकडं घालता आलं असतं. मी यातलं काहीच केलं नाही. मी खाली काउंटरवर गेले, चिठ्ठी घेतली आणि छप्पन्नावा खंड मागितला. वाचक क्रमांकाच्या जागी माझा स्टाफ क्रमांक घातला. स्वच्छ अक्षरात, कुणालाही वाचता येईल असा.

तासाभरात ग्रॅहमनी बोलावलं. चिठ्ठी त्यांच्यापुढे होती.

"मीनल, तुला रूल माहीत आहे. तूच लिस्ट केलीस."

"हो. चुकीची केली."

"स्टाफ इज नॉट..."

"मग खोडा ती," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता आणि दार उघडं होतं. "तुमच्या पेनाने खोडा, आणि खाली कारण लिहा. ही बाई इथे काम करते, म्हणून ही वाचत नाही. असं लिहा आणि सही करा. मी त्याची कॉपी घेऊन जाईन."

ग्रॅहमनी पेन उचललं. सज्जन माणूस होता हो, ते वाक्य त्याच्या हातून उतरेना. शेवटी त्याने ती चिठ्ठी नोंदीच्या ट्रेमध्ये टाकली आणि खिडकीबाहेर बघत म्हणाला, "क्लोज द डोअर, प्लीज."

संध्याकाळी मी नाचतच हॉस्पिटलात गेले. वत्सलाताई उशांना टेकून बसल्या होत्या. नळ्या, यंत्रं, केसांत पेन्सिल नाही, त्यामुळे ओळखू येईनात. मी सगळं साभिनय सांगितलं. ग्रॅहमचं पेन, माझा आवाज, उघडं दार. निखिल हसला. बाईंच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

"काय होतं त्यात?"

"कशात?"

"खंडात. छप्पन्नाव्या. कॉलेजात काय चाललंय?"

मी वाचला नव्हता. खंड काउंटरवर आला तसाच परत खाली गेला होता.

बाईंनी डोळे मिटले. मला वाटलं, दमल्या. मग म्हणाल्या, "मग ती चिठ्ठी खोटी. ग्रॅहमचंच खरं झालं. खोडायला हवी होती त्याने." एवढं बोलायला त्यांना तीनदा थांबावं लागलं. माझा हात त्यांनी धरू दिला नाही.

त्या रागात असतानाची तीच आमची शेवटची भेट. मला समजूत काढायला वेळ मिळाला नाही. पहाटे निखिलचा फोन आला.

त्या दिवशी रजा मागितली असती तर ग्रॅहमनी ताबडतोब दिली असती. ते स्वतः माझ्या टेबलाशी आले, घरी जा म्हणाले. मी खाली गेले. सत्तावन्नाव्या खंडाची चिठ्ठी भरली, आणि कालचा छप्पन्नावाही काढायला लावला. दिवसाला एकच, असं काउंटरवरची मुलगी म्हणाली. मी म्हटलं, हा कालचा आहे, माझा वाचायचा राहिलाय. ती माझ्या तोंडाकडे बघून आत गेली आणि दोन्ही घेऊन आली.

सकाळचे अकरा वाजले होते, कामाची भर वेळ. वाचनकक्ष भरलेला. मी छप्पन्नावा उघडला, तिसरं पान काढलं आणि बोट ठेवून वाचू लागले. प्राचार्यांनी कॉलेजच्या आवारात शीळ वाजवायला बंदी केली होती. पोरं गप्प झाली. पण आवाराला लागून रेल्वे जायची, आणि दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक गाडी कॉलेज आलं की शिट्टी फुंकायला लागायची ती कॉलेज संपेपर्यंत. प्राचार्यांनी रेल्वेला कडक पत्र लिहिलं. रेल्वेचं उत्तर पेपरात जसंच्या तसं छापलं होतं: आमच्या नियमाप्रमाणे रुळांजवळ गुरं दिसली तर ड्रायव्हरला शिट्टी वाजवावीच लागते, आणि ड्रायव्हरचा अहवाल असा आहे की तुमच्या आवारात साधारण दोनशे आहेत.

मला हसू फुटलं. तोंड दाबायला गेले, पण ते आवरेना. त्या शांत खोलीत मी खदखदून हसत होते, डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, आणि चाळीस माना माझ्याकडे वळल्या होत्या. पलीकडच्या टेबलावरचा एक म्हातारा गृहस्थ उठून आला आणि वाकून हळूच म्हणाला, "आर यू ऑल राइट, लव्ह?"

"नो," मी म्हणाले, आणि पुढचं पान उलटलं.